त्यांच्या मापाचा दंडवत

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी आमचा पलंग सुतळीने मोजला. प्रवासाला निघणारी बाई औषधं भरते, गॅस बंद केलाय का ते दोनदा बघते. पलंग कोण मोजतं? पण या प्रवासाची खरी तयारी तीच होती, म्हणून तिथूनच सांगते.

आमचे हे चांगले उंच होते आणि झोपायचे पालथे. दोन्ही हात डोक्यावरून वर नेऊन बोटं उशाकडच्या फळीला टेकवायची आणि तोंड उशीत खुपसायचं. सासूबाई शेवटपर्यंत ओरडत राहिल्या, "पालथं झोपू नये रे." पण शरीराला लागलेली सवय ऐकते थोडीच! एवढ्या लांब पसरल्यावर पाय पलंगाबाहेर जायचे. काही वर्षं ते तसेच लोंबकळत राहिले. मग ह्यांनी रेक्झिनचं एक स्टूल आणून पायाशी लावलं. त्यावर पावलांचा खळगा पडला आहे. हे जाऊन दोन वर्षं होऊन गेली, स्टूल अजून तिथंच आहे. मुलगी फोनवर सारखी म्हणते, "आई, ते स्वयंपाकघरात घे. वरच्या फळीला तुझा हात पोचत नाही." वरच्या फळीवरचं सगळं हेच काढून द्यायचे. मी "घेते" म्हणते आणि खालच्या फळ्यांवर भागवते.

तर सुतळीचं एक टोक उशाकडच्या फळीला धरलं, दुसरं स्टुलावरच्या खळग्याच्या कडेपर्यंत ताणलं आणि तिथं गाठ मारली. हे हात वर करून पालथे पडले की एवढे भरायचे. सुतळी गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

कारण सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या गर्भाशयात गाठ निघाली आणि पिशवी काढायची ठरली. मला आत नेल्यावर हे दवाखान्याच्या बाकावर बसले आणि त्यांनी गावच्या बहिरीदेवाला नवस केला: ही सुखरूप बाहेर येऊ दे, नदीकाठच्या पिंपळापासून तुझ्या उंबरठ्यापर्यंत दंडवत घालत येईन. मी बाहेर आले. गाठही साधीच निघाली. गाव रोह्याजवळ आणि आम्ही पनवेलला. एवढ्या जवळ असलं की माणूस "जाऊ की" म्हणतो. एक वर्ष मुलीची बारावी होती, एक वर्ष पाऊस लांबला, मग गुडघा, मग लॉकडाउन. मग एका सकाळी हे उठलेच नाहीत.

देवाने त्याच्याकडचं केलं होतं, आमच्याकडचं राहिलं होतं. आणि ज्या जिवासाठी नवस बोलले, तो जीव रोज चहा पीत होता, ग्रंथालयातून पुस्तकं आणत होता. हे मला खायला लागलं. लोक मला विचारतात, तुझा विश्वास आहे का नवसावर? मला नीट सांगता येत नाही. पण त्या बाकावर बसून ह्यांनी जे मनापासून म्हटलं, ते हवेत सोडून द्यायचं नाही एवढं पक्कं होतं.

अडचण एकच. हे गेल्यापासून मी देवापुढे हात जोडते, वाकत नाही. राग नाही. एकदा खाली गेले की वर यायला काही कारण सापडणार नाही, अशी आतून धास्ती वाटते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: दंडवत म्हणजे जमिनीवर काठीसारखं सरळ पालथं पडायचं. हात पुढे ताणायचे, बोटं पोचतात तिथं बरोबरच्या माणसाने रेघ मारायची. उठून त्या रेघेवर पाय ठेवायचे, परत पडायचं. असं करत अंतर संपवायचं. मी यावर वाचायला घेतलं तेव्हा कळलं की साष्टांग म्हणजे आठ अंगं, आणि त्यांतली पाचच दिसतात: डोकं, छाती, हात, गुडघे, पाय. दृष्टी, वाणी आणि मन ही तीन दिसत नाहीत, तीसुद्धा जमिनीला लावायची. त्याच पुस्तकात पुढे लिहिलं होतं की बायकांनी साष्टांग घालू नये. छातीत दूध असतं, पोटात गर्भाची जागा असते, ती जमिनीला लागू नये. त्यांनी गुडघे, तळवे आणि कपाळ टेकून पाच अंगांनीच नमस्कार करावा.

पुस्तकातलं राहू दे, आमच्या बेबीवन्संचंही हेच म्हणणं. बेबीवन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, हमरापूरला असतात. फोनवर त्यांनी सगळं ठरवूनच टाकलं. "वहिनी, नवस दादाचा, तर माप पण दादाचंच पायजे. तू माप घेऊन ये. दंडवत आमचे हे घालतील, तू पाणी शिंपडत चल. बाईमाणसाने पालथं पडायचं नाय, आपल्यात नाय चालत."

म्हणून सुतळी.

पहिला दिवस : हमरापूर

पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या एसटीत बसले. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त. हमरापूर फाट्यावर उतरलं की आत जायला सहा आसनी रिक्षा मिळतात. भरल्याशिवाय सुटत नाहीत, तेव्हा घाई ठेवू नका. हायवेवर धूळ असते, रुमाल हाताशी असू द्या.

पौष महिना होता. गणपतीला केवढा तरी अवकाश, पण इथं गणपतीचे कारखाने बारा महिने चालतात. घराच्या पडवीत, अंगणात ताडपत्रीखाली, जिन्यावर, जिथं बघाल तिथं पांढरे गणपती. ना रंग, ना डोळे. शेकडो मूर्ती एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या आणि एकीलाही अजून दिसत नाही. मी इतक्या वर्षांत कितीदा आले असेन, पण त्या दारात पाय ठेवला की आवाज आपोआप खाली येतो. या वेळीही आला. चप्पल काढून मी नुसती उभी राहिले.

"कोन हाय?" खालून आवाज.

वाकून पाहिलं. एका मोठ्या मंडळाच्या मूर्तीपुढे गोणपाटावर बेबीवन्सं पालथ्या पडल्या होत्या, कोपरं टेकून, हातात बारीक ब्रश. गणपतीच्या पायाची नखं रंगवत होत्या. ही मूर्ती कोणाला तरी आधीच हवी होती, म्हणून तिचं रंगकाम लवकर निघालेलं.

"आलीस? थांब, करंगळी ऱ्हायलीय."

मी बाजूला बसले. पायाची नखं बसून रंगवता येत नाहीत, हात कापतो. पोटावर पडल्याशिवाय ब्रश सरळ चालत नाही. हे मला ठाऊक होतं, कारण आमचे हेही दरवर्षी सुट्टीच्या दिवशी इथं येऊन हेच करायचे. मूर्तीपुढे भाऊ-बहीण शेजारी शेजारी पालथे.

"दादा उजवा पाय, मी डावा," वन्सं ब्रश पुसत म्हणाल्या. "त्याची नखं वाकडी यायची. तो चहाला उठला का मी पुसून परत काढायची. त्याला शेवटपर्यंत कळलं नाय."

"त्यांना कळत होतं," मी म्हटलं. "घरी येऊन सांगायचे, बेबीने माझी नखं पुसली."

वन्सं हसल्या. मग मी विचारलंच. "वन्सं, तुम्ही तर दिवसभर देवापुढे पालथ्या असता. मग मला का नाही चालत?"

"हे काम गो. तो नमस्कार."

"देवाला लांबून सारखंच दिसत असेल."

"तुझी पुस्तकं ठेव तुझ्याकडं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. उठताना गुडघ्याला हात लावून "आई गं" म्हणाल्या, तेवढं मात्र नमस्कार घालणाऱ्यांसारखंच होतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर नंदावा पोपटी लावायला घेऊन गेले. नंदावा म्हणजे वन्संचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणते. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर होते, आता घरीच असतात. मोठ्या पोटाचे आणि मोठ्या आवाजाचे. या दिवसांत पेण-रोह्याकडे आलात आणि पोपटी न खाता गेलात तर येणं फुकट. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, बटाटे. वर परत पाला दाबायचा आणि मडकं शेतात पालथं ठेवून भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात.

जाळाकडे बघत भाऊजी म्हणाले, "बघा वहिनी, मडकंसुद्धा पालथं पडलंय. हवा तसा अर्थ काढा."

"मग उद्या तुम्हीच पडा त्यात," वन्सं म्हणाल्या. "कंबर शेकून निघेल."

"माझ्या कंबरेला काय झालंय?"

"काय नाय. उठून परत खाली बसून दाखवा, मग सांगते."

शेंगा सोलून खाताना बोटं भाजत होती. समोर डोंगराची कड काळी होत गेली, खाडीकडून गार वारा सुटला. हे गेल्यापासून मी पहिल्यांदाच दोन वेळा वाढून घेतलं.

दुसरा दिवस : पेण ते रोहा

पेणहून रोह्याला रस्त्याने जाता येतं, वडखळ, गडब, नागोठणे करत. पण मी रेल्वेने जा म्हणेन. गाड्या मोजक्याच आहेत, वेळ आधी विचारून घ्या. तिकीट अगदी कमी आणि खिडकीतून जे दिसतं ते हायवेवरून दिसत नाही. आम्ही तिघं पेण स्टेशनवर गरम वडे बांधून घेऊन चढलो. डबा अर्धा रिकामा होता.

समोर रोह्याच्या एक बाई बसल्या होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, डोक्यावर पांढरी ओढणी, मांडीवर पेणच्या पापडांची मोठी पिशवी. मुलीकडून परत चालल्या होत्या. वन्सं कोणाशीही बोलायला लागतात, त्यामुळे कासू यायच्या आत आमचा सगळा नवस त्यांना ठाऊक झाला होता.

त्या म्हणाल्या, "आमचं बरं हाय, बाई असो बुवा असो, कपाळ जमिनीला लागायलाच पायजे. दिसाला पाच वेळा." मग पिशवी सारखी करत म्हणाल्या, "पण माझे गुडघे गेलेत. डॉक्टर बोलला, वाकायचं नाय. आता खुर्चीवर बसून नमाज पढते, नुसती मान लववते. अल्ला कबूल करतो, तसं काय नाय."

"मग झालं की," भाऊजी म्हणाले.

"झालं हो. पण कपाळाला जमीन आठवते." त्यांनी दोन बोटं कपाळाला लावली. "सकाळी गार असायची ना लादी, त्याची सवय झालेली."

मी खिडकीबाहेर पाहत होते. नागोठण्यानंतर एके ठिकाणी कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भाताची लावणी चालू होती. आठ-दहा बायका ओळीत वाकलेल्या, कपाळ जवळजवळ पाण्याला. गाडीचा आवाज आला तरी एकीनेही मान वर केली नाही. पाण्यात त्यांची उलटी रूपं दिसत होती, तीही वाकलेली. इतकं काही सुंदर आणि इतकं कष्टाचं एकाच जागी पाहिलं की काय वाटायला हवं ते कळत नाही. मी चष्मा पुसला.

उतरताना त्या बाईंनी माझा हात धरला. "तुम्ही घाला की. तुमचे गुडघे चालतात ना अजून?"

वन्सं दुसरीकडे बघत होत्या.

रोह्यात आधी धावीर महाराजांचं दर्शन घेतलं. गावाचा राखणदार देव. त्याच्या पालखीला पोलीस बंदुका घेऊन मानवंदना देतात, तो सोहळा एकदा तरी बघावा असा आहे. मी हात जोडले. वाकले नाही. मग कुंडलिकेच्या पुलाजवळून टमटम पकडून गावाकडे निघालो. गावाचं नाव लिहीत नाही. देऊळ लहान आहे, फोटो काढायला गर्दी झालेली तिथल्या लोकांना नको आहे.

आमचं घर तिथं आता नाही, उतरलो गुरवांकडे. गुरवकाका ह्यांना लहानपणापासून ओळखणारे. नदीवर ह्यांच्याबरोबर पोहलेले. त्यांना सगळं सांगितलं, सुतळी दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांत ताणून पाहिली.

"व्हय, एवढाच होता," ते म्हणाले.

मी विचारलं, "काका, बाईने दंडवत घातला तर देवळात काही अडचण?"

वन्संनी माझ्याकडे डोळे मोठे केले. काकांनी सुतळी परत गुंडाळली, सावकाश. "आपल्याकडं बायका घालत नाय. मी घाल पण बोलनार नाय, नको पण बोलनार नाय. सकाळी लवकर या, ऊन झालं का फरशी तापते. आणि कुत्री आंगावर येतात, त्यांना बिस्किटं आना."

तिसरा दिवस : पिंपळ ते उंबरठा

उजाडताना नदीवर धुकं होतं. पिंपळाच्या पारापासून देऊळ दिसत नव्हतं, नुसता रस्ता दिसत होता आणि तोही थोडाच. रस्ता मातीचा, शेवटचा तुकडा जांभ्या दगडाचा, देवळापुढे फरशी. वन्संनी हमरापूरहून गेरूचा खडा आणला होता, रेघा मारायला. माझ्याकडे पाण्याचा तांब्या. भाऊजी आंघोळ करून धोतर नेसून तयार.

पहिला दंडवत त्यांनी छान घातला. वन्संनी सुतळी त्यांच्या पायाशी धरली, पुढे ताणली. भाऊजींची बोटं जिथं संपली, त्याच्या पुढे हातभर सुतळी उरली. तिच्या टोकाशी रेघ.

दुसऱ्या दंडवताला ते खाली गेले आणि खालीच राहिले.

"काय झालं?" वन्सं.

"थांब जरा."

"थांबायला काय एसटी हाय? हात पुढे करा."

"पोट मधे येतंय. हात पुढे केले का पाय वर जातात."

"अगो बाई, झोपाळा झालाय ह्यांचा." वन्सं तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि मग मी, आणि मग खुद्द भाऊजी, मातीत तोंड घालून. हसताना त्यांची कंबर धरली. "उचला गो मला! चेष्टा नाय, खरंच उचला." दोघींनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि पारावर बसवलं. कंबर लाकडासारखी झाली होती. ते ओशाळले. "वहिनी, माझ्याच्यानं नाय व्हायचं. दुसरा कोनी गडी बघू. येऊ परत फागुनात."

परत येऊ. हे शब्द मी घरात अनेक वर्षं ऐकले होते.

मी तांब्या खाली ठेवला. चष्मा काढून वन्संच्या हातात दिला.

"वहिनी, नको," वन्सं हळू म्हणाल्या. "मी काय तुझ्या वाईटावर हाय का? पन रीत हाय. छाती-पोट लागू नये बाईचं."

"वन्सं, दूध आटून पंचवीस वर्षं झाली. आणि पोटातली पिशवी, ती काढली म्हणून तर हा नवस. आता माझ्यात जमिनीला न लागण्यासारखं उरलंय काय?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. धुक्यात त्यांचे डोळे ह्यांच्यासारखे दिसले, एरवी ते तसे दिसत नाहीत. मग त्या पुढे आल्या, माझा पदर घेतला, कमरेभोवती फिरवून घट्ट खोचला आणि म्हणाल्या, "मग साडी नीट वर घे. पायात येऊन पडशील."

भाऊजींनी जिथवर आणलं होतं त्या रेघेवर मी पाय ठेवले आणि खाली गेले.

काय सांगू तुम्हाला. आधी गार लागतं. मग मातीचा वास येतो, आणि तो नाकात शिरतो असं नाही, आपणच त्याच्यात शिरतो. चष्मा नसतानाही डोळ्यांसमोरचं स्पष्ट दिसत होतं: एक मुंगी, वाळकं पान, माझ्या श्वासाने हलणारी धूळ. देव दिसत नाही. दर्शनाला आपण मान वर करून बघतो, इथं बघायचंच नसतं. कान जमिनीला लागला की धपधप ऐकू येतं. पहिल्यांदा वाटलं कोणी चालत येतंय. ते माझंच होतं.

वन्संनी सुतळी ताणली. माझी बोटं संपली तिथून पुढे ती चांगली हातभर गेली आणि मग रेघ उमटली. उठले, रेघेपर्यंत चालले, परत खाली. दर वेळी तेच. मी जिथं संपत होते तिथून पुढे तेवढे हे होते. दर वेळी ती मोकळी माती मला डोळ्यांसमोर दिसत होती, बोटांच्या पुढची. एवढी वर्षं शेजारी झोपून मला त्यांची लांबी कधी कळली नव्हती, ती इथं कळत होती.

एक गोष्ट इथं लिहून ठेवते. हे गेले त्या सकाळी घरात त्यांना उताणं ठेवलं होतं. सगळ्यांना ठेवतात तसंच. मला तो चेहरा ओळखीचा वाटेना. एवढी वर्षं झोपेत मी त्यांची पाठ पाहिलेली. त्यानंतर रोज डोळ्यांसमोर तो उताणा चेहराच यायचा. त्या रस्त्यावर, कितव्या तरी दंडवताला, तो गेला. तोंड उशीत खुपसलेले, खांदे वर आलेले, माझे रोजचे हे परत दिसले. मी उठले तेव्हा वन्संनी विचारलं, "लागलं का?" मी मान हलवली. त्यांनी कपाळाची माती पदराने पुसली.

धुकं वितळलं, कुत्री आली, भाऊजींनी पारावरून उठून कंबर धरत त्यांना बिस्किटं घातली. दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल आली, आम्हाला बघून थांबली, इंजिन बंद करून हळूच बाजूने ढकलत गेली. जांभ्यावर आल्यावर कोपरं सोलली. फरशीवर आल्यावर पुढे दोन पावलांवर उंबरठा.

शेवटचा दंडवत. माझं कपाळ पायरीवर आलं, बोटं उंबरठ्याच्या दगडाला टेकली. माझं तिथं संपलं. वन्संनी सुतळी ताणली आणि थांबल्या.

"काका, आत येतंय," त्या म्हणाल्या.

सुतळी माझ्या बोटांवरून उंबरठा ओलांडून आत गेली होती, समईच्या उजेडात. गुरवकाका आत बसले होते. त्यांनी वन्संच्या हातातून गेरू घेतला आणि आतल्या फरशीवर, गाठ होती तिथं, स्वतः रेघ मारली.

"पोचला," ते म्हणाले.

मी उठले नाही. ज्याची धास्ती होती तेच झालं. कपाळाखालचा दगड गार होता आणि उठायला खरंच काही कारण नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. मग शेजारी सळसळ झाली. बेबीवन्सं माझ्या डाव्या बाजूला खाली बसल्या, आणि मग सबंध पालथ्या पडल्या. आमची तोंडं समोरासमोर आली, गाल दगडावर. त्यांच्या डोळ्यांतून पाणी नाकावरून आडवं वाहत होतं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "पयल्यांदा पालथी पडलेय आणि हातात ब्रश नाय."

मागून भाऊजींचा आवाज आला, "अरे देवा! आता या दोघींना कोन उचलनार? माझी कंबर तर गेलीय."

मला हसू फुटलं. पालथं पडून हसता येत नाही, पोट दगडाला लागतं. हसण्यासाठी म्हणून उठावं लागलं.

परत

गुरवकाकूंनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. तसं बिरडं मी करू शकत नाही, मान्य करते. निघताना सुतळी पिंपळाला बांधली. पारावरून मागे पाहिलं तर धुकं नसल्यामुळे सबंध रस्ता दिसत होता, नदीपासून देवळापर्यंत गेरूच्या लाल रेघा. दोन रेघांमध्ये एक-एकदा हे. मी डोक्यावरून पदर घेतला आणि बघत राहिले. एवढा मोठा माणूस माझ्या घरात मावत होता.

कोणी जाणार असाल तर: पौष-माघात जा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कोपरांना फडकं बांधा. मी नव्हतं बांधलं. परतीच्या गाडीआधी पेणला अर्धा तास काढून पोह्याचे पापड घ्या. बायकांनी दंडवत घालावा की नाही हे मी सांगणार नाही. गुरवकाकांसारखंच, घाला पण म्हणणार नाही आणि नको पण म्हणणार नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलीचा फोन आला. म्हणाली, "आई, झालं?" मी म्हटलं, "झालं. तुझ्या आत्यानेही घातला." तिला खरं वाटेना.

कोपरांना हळद लावली आणि ह्यांच्या बाजूला पलंगावर पालथी पडले, हात वर करून. बोटं फळीपर्यंत गेली नाहीत आणि पाय स्टुलापर्यंत गेले नाहीत. दोन्हीकडे जागा उरली. तशी पडून राहिले जरा वेळ, तोंड त्यांच्या उशीत घालून. मग भूक लागली.

उठले. स्टूल उचललं, खळगा हाताने एकदा सारखा केला आणि स्वयंपाकघरात नेऊन ओट्याशी लावलं. त्यावर चढून वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढला. दोन वर्षांची धूळ होती झाकणावर.